ईस्टरनंतरचे पन्नास दिवस तुम्ही कसे जगता? आणि साक्ष द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

कर्वेनगरकर

सगळ्यांना पुनरुत्थानाच्या सणाच्या शुभेच्छा. ख्रिस्त उठला आहे!

बरेच दिवस हा विषय काढायचा होता. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला की आमच्या घरात एकदम शिस्त असते. कोणी मटण सोडतं, कोणी चहा, यंदा धाकट्याने मोबाइलवरचा गेम सोडला होता. संध्याकाळी घरची प्रार्थना, उत्तम शुक्रवारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना, मग ईस्टरची पहाट, नवे कपडे, जेवण, आणि सोमवारी सगळे आपापल्या कामाला. संपलं! पण चर्चच्या कॅलेंडरमध्ये ईस्टर हा एक दिवस नाहीये, पन्नास दिवसांचा काळ आहे, यंदा ५ एप्रिलपासून २४ मेच्या पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत. म्हणजे उपवासाच्या चाळीस दिवसांपेक्षा आनंदाचे दिवस जास्त आणि त्या दिवसांसाठी आपल्याकडे काहीच सवय नाही, निदान आमच्या मंडळीत तरी नाही.

माझं मत आधीच सांगते. ख्रिस्त उठल्याची साक्ष द्यायची ती याच दिवसांत, कारण उठलेला प्रभू शिष्यांना मंदिरात नाही भेटला, कडी लावलेल्या खोलीत, रस्त्यावर, तळ्याकाठी मासे भाजताना असा भेटला. तर मला विचारायचंय की तुम्ही या पन्नास दिवसांत वेगळं काय करता? आणि ऑफिसात, सोसायटीत कोणी विचारलं की ईस्टर म्हणजे काय हो, तर काय सांगता? समोरच्याला प्रचार वाटू नये पण आपण त्यात पाणीही घातलेलं नसावं.

वसईकर_कुपारी

खरोखर उठला आहे! ताई, धागा मस्त.

आम्हा कॅथलिकांकडे हा काळ डोळ्यांना दिसतो. शनिवारी रात्रीच्या जागरणात अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी पास्काची मेणबत्ती, आणि तिच्यावरून सगळं देऊळ (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) आपापल्या मेणबत्त्या पेटवतं. ती मोठी मेणबत्ती पेंटेकॉस्टपर्यंत वेदीजवळ. फादरांची वस्त्रं पांढरी, उपासकाळात बंद असलेलं आलेलुया परत सुरू. आणि या दिवसांत आमच्याकडे फादर घरोघर आशीर्वाद द्यायला येतात, त्यामुळे आई पडदे धुवायला काढते. आमच्या गल्लीत आगरी शेजारी आहेत, तेही म्हणतात फादर आलेच आहेत तर आमच्याकडे पण पाणी शिंपडून जाऊ द्या.

साक्षीबद्दल म्हणाल तर वसईच्या माणसाच्या डोळ्यासमोर फादर फ्रान्सिस दिब्रिटो येतात. हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं तेव्हा टँकरवाले आणि बिल्डर यांच्यासमोर उभं राहायला धमक लागत होती. त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे होते. शेतातलं पाणी वाचवणं हा आमच्या लोकांना धर्माचा भाग वाटायला लागला तो त्यांच्यामुळे. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हाही झग्यातला माणूस मराठीचा अध्यक्ष कसा म्हणून बरंच बोललं गेलं, तरी ते संमेलनाला गेले. मी तेव्हा ठरवलं की मला साक्ष द्यायची तर अशी द्यायचीय.

भाकरतुकडा

चाळीस दिवस मटण सोडलेल्यांनी रविवारी सगळी थकबाकी वसूल केली ना? आमच्याकडे सकाळी सातला खाटकासमोर अर्धी मंडळी, उपासनेला नसतील एवढी :)

नगरी_सलाम

भाकरतुकडा 😀 आमच्याकडे पण हेच.

सलाम सगळ्यांना. मी नगर जिल्ह्यातल्या गावातला, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. आमच्याकडे ईस्टरला पहाटे चारला प्रभातफेरी निघते, पेटी, ढोलकी, टाळ, आणि भजनं म्हणत वस्तीतून फिरून दफनभूमीत जायचं. तिथे सूर्य उगवताना उपासना. आजी-आजोबांच्या कबरींवर आधीच चुना मारून फुलं ठेवलेली असतात. लहानपणी वाटायचं सणाच्या दिवशी इथे कशाला आणतात. आता कळतं, पुनरुत्थानावर विश्वास आहे असं म्हणायला याच्यापेक्षा योग्य जागा नाही.

बाकी पन्नास दिवसांचं म्हणाल तर गावात हा काळ म्हणजे लग्नं आणि मुलांची सुट्टीतली बायबल शाळा. उपवासकाळात लग्न लावत नाहीत म्हणून ईस्टरनंतर रांग लागते, पाळकसाहेबांना जेवायला फुरसत नसते.

चौकस

मी ख्रिश्चन नाही, पण वाचतोय, आवडतंय. दोन शंका. ही तारीख दरवर्षी का बदलते? क्रिसमस तर फिक्स असतो. आणि दुसरं, आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे, वीस वर्षांची ओळख, नाताळला केक येतो, पण ईस्टरबद्दल ते कधीच काही बोलत नाहीत. मी विचारलेलं आवडेल का त्यांना?

जुना_सभासद

चौकस, तारखेचं उत्तर तुमच्या घरच्या कालनिर्णयमध्येच आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. यहुद्यांचा वल्हांडण सण पौर्णिमेच्या सुमाराला येतो आणि येशूचं मरण त्या सणात झालं म्हणून हा चंद्राचा हिशोब. सगळ्यांनी एकाच रविवारी पाळायचा हे सन ३२५ च्या निकेयाच्या परिषदेत ठरलं. यंदा पौर्णिमा २ एप्रिलला होती, त्या दिवशी तुमची हनुमान जयंती आणि आमचा पवित्र गुरुवार एकत्रच आले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या हाच हिशोब जुन्या कॅलेंडरने करतात त्यामुळे त्यांचा ईस्टर यंदा १२ तारखेला, मागच्या वर्षी मात्र दोघांचा २० एप्रिललाच होता.

आणि विचारा हो शेजाऱ्यांना! बहुतेक ते वाट बघत असतील.

पेरणारा

सगळं छान आहे पण मला एक खटकतंय. मेणबत्ती, प्रभातफेरी, पडदे, मटण. साक्ष कुठे आहे यात? पन्नासाव्या दिवशी पेत्र बाकीच्या अकरा शिष्यांबरोबर उभा राहिला आणि मोठ्याने बोलला. त्याने यरुशलेमच्या लोकांना केक नाही पाठवला. पौल रोमकरांना विचारतो की ज्याच्याविषयी ऐकलंच नाही त्याच्यावर लोक विश्वास कसा ठेवतील. आपण मराठी ख्रिस्ती "आमचं आचरण हीच साक्ष" असं म्हणून तोंड बंद ठेवतो. मी दर शनिवारी बाजारात पत्रकं वाटतो. लोक हसतात, काही फेकतात, काही घरी नेतात. घटनेच्या कलम २५ ने मला तो हक्क दिलेला आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

रात्रपाळी

पेरणारा भाऊ, तुमची तळमळ कळते पण मी नर्स आहे, मला दुसरी बाजू रोज दिसते. माझ्यासमोरचा माणूस पलंगावर असतो, सलाइन लावलेलं, त्याचं जेवण, औषध, लघवीचं भांडं सगळं माझ्या हातात. तो उठून जाऊ शकत नाही. त्याला मी येशूबद्दल ऐकवायला लागले तर ते त्याच्यावर लादलेलं होईल, मग माझा हेतू कितीही चांगला असो. म्हणून माझा नियम आहे, पेशंटने विचारल्याशिवाय धर्माचा विषय नाही. त्याने स्वतःहून म्हटलं सिस्टर माझ्यासाठी प्रार्थना करा, तर तिथेच हात धरून करते, त्याच्या देवाला नावं न ठेवता.

ईस्टरला मी रात्रपाळी मागून घेते. इतरांना सुट्टी हवी असते म्हणून तर आहेच, पण मला त्या रात्री वॉर्डातच असावंसं वाटतं. पहाटे कोणाची तरी चादर बदलताना मनात ते गाणं चालू असतं. ज्या बायका कबरीकडे गेल्या त्याही कामालाच निघाल्या होत्या ना, सुगंधी द्रव्य लावायला. त्या कामावर असतानाच बातमी मिळाली त्यांना.

कर्वेनगरकर

रात्रपाळी, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय. त्या बायका कामाला निघाल्या होत्या हे इतक्या वेळा वाचूनही मला कधी सुचलं नव्हतं.

जुना_सभासद

पेरणारा, कलम २५ चा मुद्दा बरोबर आहे. प्रचाराचा हक्क आहेच, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य या मर्यादांत. मात्र १९७७ साली सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेश आणि ओरिसाच्या कायद्यांच्या खटल्यात हेही सांगितलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. तुम्ही सांगा, ऐकणारा त्याचं तो ठरवेल.

पण मला कोर्टापेक्षा पेत्राचं जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही त्याचं भाषण सांगितलंत, त्याचं पत्रही बघा. पहिलं पत्र, तिसरा अध्याय. तुमच्या आशेचं कारण जो कोणी विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यपणे आणि आदराने. म्हणजे कोणी विचारावं असं जगणं आधी पाहिजे.

आणि आपल्या मराठी मातीतली तीन माणसं या पन्नास दिवसांत आठवण्यासारखी आहेत. यंदाचा ईस्टर ५ एप्रिलला आला, तो पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन, १९२२ सालचा. २३ एप्रिल त्यांचा जन्मदिवस. ९ मे हा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा स्मृतिदिन, १९१९. तिसरं नाव टिळकांच्या पत्नी, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचं, त्यांचं वेगळं सांगायला नको, मराठी वाचणारा प्रत्येक जण त्यांना ओळखतो. रमाबाईंनी दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा आणल्या, केडगावला मुक्ती हा आश्रम उभा केला, विहिरी खणल्या, छापखाना चालवला, आणि शेवटी शेवटी हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणत होत्या, बायकांना कळेल असं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली तरी ते काम थांबलं नाही. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही बसू शकत होते. रमाबाई आणि टिळक या दोघांपैकी कोणीही तोंड बंद ठेवलं नाही, पेरणारा. आणि आपल्या लोकांशी नातंही तोडलं नाही.

पेरणारा

रमाबाईंचं उदाहरण मान्य. पण त्यांनी बोलायचं सोडलं नाही हे तुम्हीच लिहिलंत, ते अधोरेखित करतो.

मस्कतमधून

इथली गंमत सांगतो. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवार कामाचा. त्यामुळे ईस्टरच्या सकाळी आम्ही साइटवर हेल्मेट घालून उभे असतो. रुवी आणि घालाला चर्चचे कंपाउंड आहेत, तिथे एकेका हॉलमध्ये मल्याळी, तमिळ, फिलिपिनो, अरबी, सगळ्यांच्या उपासना पाठोपाठ चालतात. आमची मराठी प्रार्थनासभा अगदीच छोटी, कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये, पेटी नाही म्हणून मोबाइलवर सूर लावतो.

पेरणारा, तुमच्यासारखी पत्रकं इथे वाटायची सोयच नाही. मग उरतं काय? पगार उशिरा झाला तेव्हा हाताखालच्या पोरांना पैसे उसने दिले का, ठेकेदाराने खोट्या सह्या मागितल्या तेव्हा केल्या का. एक बांगलादेशी सुतार होता, मुसलमान, तो मला एकदा म्हणाला की तुम्ही चिडत नाही ते तुमच्या दीनमुळे का? आम्ही त्यावर जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोललो. त्याने त्याचं सांगितलं, मी माझं.

चौकस

हा बांगलादेशी सुताराचा किस्सा फार आवडला. असंच पाहिजे.

भाकरतुकडा

मघाशी मटणावर बोललो, आता जरा गंभीर. नगरी_सलाम यांनी लग्नाचा विषय काढला म्हणून.

या पन्नास दिवसांत आमच्याकडे सगळ्यात जास्त लग्नं होतात आणि तिथेच आपली साक्ष सगळ्यात जास्त उघडी पडते. रविवारी म्हणायचं ख्रिस्तात सगळे एक आणि सोमवारी मुलीसाठी स्थळ बघताना विचारायचं की तुमचे मूळचे कोण. आमचं घर चार पिढ्या ख्रिस्ती आहे, मूळचे मांग. माझ्या बहिणीला एका ख्रिस्ती घरातून नकार आला तो ह्याच कारणाने, आणि निरोप घेऊन येणाऱ्याने तो कुजबुजत सांगितला. पौल गलतीकरांना लिहितो की ना यहूदी ना ग्रीक, ना दास ना स्वतंत्र. आपल्याकडे त्यात अजून एक ओळ घालायला पाहिजे.

दुसरं, १४ एप्रिल नेहमी ईस्टरच्या आसपासच येतो. मी जयंतीच्या मिरवणुकीला जातो. आमच्यातले काही म्हणतात ख्रिस्ती माणसाचं तिथे काय काम. माझं म्हणणं आहे की ज्या माणसामुळे माझ्या आज्याला सरळ उभं राहता आलं त्याचे आभार मानायला मला कुणाची परवानगी नको. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती लोकांना अनुसूचित जातींत धरलं नाही, पुढे १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, आम्ही बाहेरच. सरकार म्हणतं तुम्हाला जात नाही आणि आपलेच लोक म्हणतात आहे. पुनरुत्थानाची साक्ष द्यायची असेल तर मला आधी कबरीच्या तोंडावरच्या या दगडाबद्दल बोलायचंय.

वसईकर_कुपारी

भाकरतुकडा, वाचून गप्प झालो. आमच्याकडेही कुपारी, वाडवळ, ईस्ट इंडियन, कोळी, कोण कुठल्या समाजाचा हे लग्नाच्या वेळी आठवतंच. कमी झालंय, गेलेलं नाही. तुमच्या बहिणीला माझा सलाम सांगा.

नगरी_सलाम

भाकरतुकडा, १४ तारखेला आमच्या मंडळीचे तरुण मिरवणुकीत पाणी वाटतात, पाळकसाहेब स्वतः पिंप भरतात. तुमच्याकडे कोणी नाही म्हणत असेल तर आमच्याकडे या.

भाकरतुकडा

येतो. बर्फ मी आणतो.

अबोली

मी सहसा नुसतं वाचते. आज लिहिते. माझे मिस्टर मागच्या वर्षी उपवासकाळात गेले. यंदा ईस्टरला सगळे हात मिळवून ख्रिस्त उठला आहे म्हणत होते आणि मला उत्तर देता येत नव्हतं. विश्वास गेलाय असं नाही. पण आनंद करा, आनंद करा असं लोक सांगतात तेव्हा वाटतं की मी अजून ईस्टरच्या आदल्या शनिवारीच आहे. माझ्यासारख्या बाईने या पन्नास दिवसांत काय साक्ष द्यायची?

रात्रपाळी

अबोलीताई, तुम्हाला कोणी घाई करू नये. मार्कची सुवार्ता उघडा, सोळावा अध्याय, आठवं वचन. त्या बायका थरथरत पळाल्या आणि भीतीने कोणाला काहीच बोलल्या नाहीत. सगळ्यात जुन्या प्रतींमध्ये मार्क तिथेच थांबतो. पुनरुत्थानाच्या पहिल्या साक्षीदार त्याच, आणि त्यांची पहिली प्रतिक्रिया बोलता न येण्याचीच होती. त्यांना कोणी यादीतून काढलं नाही.

जुना_सभासद

ताई, थोमा या शिष्याला प्रभू उठलाय यावर विश्वास ठेवायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत बाकीच्यांनी त्याला खोलीबाहेर घालवलं नाही, हे मला त्या गोष्टीत फार मोलाचं वाटतं. आणि प्रभू आला तेव्हा त्याच्या हातांवर जखमा होत्याच. अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांनाही त्याने आधी विचारलं की तुम्ही कशाबद्दल बोलताय, आणि त्यांचं सगळं दुःख ऐकून घेतलं, मग बोलला. तुम्ही रविवारी उपासनेला येऊन बसता, उत्तर देता आलं नाही तरी बसता. मला त्यातून बळ मिळतं.

पेरणारा

अबोलीताई, बाकीचा वाद बाजूला. तुमच्यासाठी आणि मुलांसाठी रोज प्रार्थना करतो. काही लागलं, बँकेचं, कागदपत्रांचं, तर निरोप टाका, मी हीच कामं करतो, कुठल्या गावात आहात त्याने फरक पडत नाही.

अबोली

सगळ्यांचे आभार. मार्कचं वचन माहीत होतं, असं कधी वाचलं नव्हतं. पेरणारा भाऊ, वारस नोंदीचं अडलंय खरं. निरोप टाकते.

सोसायटीवाली

मूळ प्रश्नाचं पण कोणीतरी बोला. दोन मिनिटांचं उत्तर! माझं सांगते. कोणी विचारलं तर मी म्हणते, आमचा विश्वास आहे की येशूला निर्दोष असताना मारलं आणि देवाने त्याला तिसऱ्या दिवशी उठवलं, म्हणून अन्याय आणि मरण यांचा शब्द शेवटचा नाही असं आम्ही मानतो. बस. मग समोरच्याने पुढे विचारलं तर पुढे, नाहीतर चहा.

आणि घरात आमच्याकडे एक रीत आहे. उपवासकाळात वाचवलेल्या पैशांचा डबा ईस्टरला रिकामा करून बाजूला ठेवत नाही, पेंटेकॉस्टपर्यंत चालू ठेवतो. जूनमध्ये शाळा सुरू होतात, त्या पैशांत कामवाल्या मावशींच्या नातवंडांच्या वह्या-दप्तरं होतात.

चौकस

सोसायटीवाली, हे दोन मिनिटांचं उत्तर मला पहिल्या झटक्यात कळलं. आणि कळवायला आलो की मी शेजाऱ्यांना विचारलं. काका दीड तास बोलत होते, त्यांच्या गावच्या प्रभातफेरीपासून सगळं. म्हणाले इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही. मला २४ मेच्या उपासनेला बोलावलंय, जाणार आहे.

कर्वेनगरकर

चौकस, किती बरं वाटलं वाचून!

एवढ्या प्रतिसादांतून माझ्यापुरतं ठरवलंय ते लिहिते. डब्याची कल्पना उचलली. सोसायटीवालींचं उत्तर पाठ केलं, त्यात "अन्याय" हा भाग भाकरतुकडा यांच्यामुळे जास्त नीट समजला. आणि वाचन. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचे २८ अध्याय आहेत. सोमवार १३ एप्रिलला सुरू करून रोज एक, रविवारी सुट्टी, असं धरलं तर शेवटचा अध्याय बरोबर गुरुवारी १४ मेला, स्वर्गारोहणाच्या दिवशी येतो. नंतरचे दहा दिवस पेंटेकॉस्टपर्यंत नुसती प्रार्थना, शिष्य माडीवरच्या खोलीत करत होते तशी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करतेय, रात्री साडेनऊला एकाने अध्याय वाचून ऑडिओ टाकायचा आणि ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं. कोण कोण येणार?

मस्कतमधून

मी. तुमचे साडेनऊ म्हणजे आमचे आठ, जेवणाआधी जमतंय.

रात्रपाळी

मी पण, पण ऐकेन सकाळी.

पेरणारा

मला जोडा. आठवा अध्याय मी वाचणार, आत्ताच सांगून ठेवतो. फिलिप्प रथामागे धावत जातो आणि त्या हबशी अधिकाऱ्याशी स्वतःहून बोलायला सुरुवात करतो. स्वतःहून!

जुना_सभासद

वाचा की. त्याचा पहिला प्रश्न "जे वाचताय ते कळतंय का" एवढाच असतो, आणि रथात चढून बसायची विनंती तो अधिकारी करतो. त्या रात्री आपण दोघं बोलू. मलाही जोडा.

अबोली

मला पण. बोलणार नाही बहुतेक, ऐकेन.

कर्वेनगरकर

सगळ्यांना जोडलं. पहिला अध्याय नगरी_सलाम वाचतील, पेटीसकट. सोमवारी साडेनऊ.